वेचणीच्या दिवसांतली पेटी

परवा आमच्या गल्लीत पिंजारी आला. कोल्हापुरात थंडी पडू लागली की लोक गाद्या उसवून कापूस पिंजून घेतात. मी खोलीत दाराकडे पाठ करून बसलो होतो, त्यामुळे तो आल्याचं मला कळलंच नाही. खिडकीच्या गजांतून एक पुंजका तरंगत आत आला आणि भाताच्या पातेल्यावर बसला, तेव्हा वळून पाहिलं. खाली पायरीशी तो उकिडवा बसला होता आणि त्याच्याभोवती पांढरं पांढरं उडत होतं. सवयीनं मी दाराच्या चौकटीला हात लावला. त्याच्या धनुकलीचा ठोका लाकडातून बोटांत चढला. मग आठवलं की आपल्याजवळ आता ऐकायचं यंत्र आहे. खिशातली डबी चालू केली, कानात गुंडी बसवली, आणि त्या ठोक्याला आवाज फुटला. भात गार होईपर्यंत मी तिथंच उभा होतो.

इथल्या माणसांना ऊस ठाऊक. कापूस म्हटलं की त्यांना गादी आठवते, उशी आठवते, फार तर देवाची वात. मला आठवतात ती बोटांची टोकं. वेचणीच्या दिवसांत आमच्याकडं, कारंज्याच्या बाजूला, बायांच्या बोटांची टोकं बोंडाच्या वाळक्या टरफलांनी फाटलेली असतात आणि त्या हातांनी त्या पोरांना आंघोळी घालतात. पाठीवरून असा हात फिरला की कार्तिक लागला समजावं. पहाटे पऱ्हाटीची झाडं दवानं ओली असतात, कापूस हाताला जड आणि गार लागतो; ऊन चढलं की तोच कापूस हलका होतो, ओठांना, पापण्यांना चिकटतो. तुरीच्या ओळीतून पिवळी फुलं गळत असतात. बाया कमरेला ओटी बांधून ओळीनं पुढं सरकतात, आणि त्यांच्या ओट्या फुगत फुगत जातात. आता ह्या घटकेला आमच्या वावरात हेच चाललं असेल. माय कुठल्या ओळीवर असेल, तेही मी सांगू शकेन. धुऱ्याकडची, बांधालगतची शेवटची ओळ घरच्या सुनेची.

माझ्याशी लोक फार चांगले वागले आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे लिहिणार आहे त्यात मी कुणाला बोल लावतो आहे असं वाटेल. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. छापखान्यात खिळे जुळवतो, दोन वेळा जेवतो, शर्टाला खिसा आहे आणि त्या खिशात ऐकायचं यंत्र आहे. ते यंत्रही माझं नव्हे, ह्या गावातल्या काही भल्या माणसांनी वर्गणी करून दिलेलं. डॉक्टरांनी डावा कान तपासला आणि कागदावर लिहून दाखवलं की जे उरलं आहे तेही हळूहळू जातं आहे; पुढच्या वर्षी ह्या यंत्राचा उपयोग होईल असं सांगता येत नाही; आहे तोवर वापरा. मी मान डोलावली. आभार मानले. बाहेर येऊन पायरीवर बसलो तेव्हा पहिला विचार आला तो मायचा. तिचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.

म्हणजे तसा ऐकला होता. सहा वर्षांचा होईतो मला धड ऐकू येत होतं. मग ताप आला, आणि तो उतरला तेव्हा घरातली सगळी माणसं नुसतीच तोंडं हलवत होती. मला वाटलं, सगळे मिळून माझी थट्टा करताहेत. मी हसलो. ती हसली नाहीत.

उजवा कान पुरता गेला. डाव्यात, अगदी जवळ येऊन कुणी ओरडलं तर थोडं शिरायचं. मग घरात ओरडायची चालच पडली. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, मला मांडीवर घेऊन कानात ओरडायचे. मोठेबाबा, माझ्या वडलांचे थोरले भाऊ, ओरडायचे तेव्हा त्यांच्या मिशा कानाला टोचायच्या. बाबा ओरडायचे. शेजारचा रामजीकाका तर वाटेत अडवून ओरडायचा, "काय बे नाऱ्या, जेवला काय?" माय तेवढी कधी ओरडली नाही.

तिला ओरडता येत नव्हतं. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलत नाही, भासऱ्यासमोर म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तर त्याहून नाही. ओसरीवर आबाजी, आत ती. चहा झाला हे सांगायला ती कप बशीवर वाजवायची. वावरात मोठेबाबा असायचे. असं कुठलं ठिकाणच नव्हतं जिथं तिनं माझ्या कानाला तोंड लावून हाक मारावी. बरं, ओठ पाहून ओळखावं, तर ओठांत पदराचं टोक धरलेलं. ती माझ्याशी हातांनी बोलायची. पाठीवर थोपटलं की जेव. कोपर धरला की चल. कपाळावर पालथा हात ठेवला की त्याचे बरेच अर्थ होते आणि ते सगळे मला कळायचे. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं. पण तापाआधीचे तिचे शब्द मला आठवतात, "सरक ना जरासा", "ऊठ ना रे बाप्पा". ते कुठल्या आवाजात होते तेवढं आठवत नाही. मी मनात त्या शब्दांना आवाज लावायला जातो, तर आबाजींचाच आवाज लागतो.

वाशीमला मुक्याबहिऱ्या पोरांचा एक वर्ग निघाल्याचं मोठेबाबांनी बाजारात ऐकलं आणि तेच मला तिथं सोडून आले. एक लांबट खोली, शेणानं सारवलेली, आणि नागपुराकडून हे काम शिकून आलेले एक गुरुजी. सुरुवातीला त्या खोलीत काहीच नव्हतं. गुरुजी आमच्या तोंडासमोर कापसाचा पुंजका धरायचे. 'प' म्हटला की तो उडायला हवा, 'ब' म्हटला की नुसता हलायला हवा. मंगरूळपीरचा करीम माझ्याशेजारी बसायचा. तो जन्मापासूनच बहिरा. सगळ्या गोष्टी तळहातानं तपासायची त्याला सवय होती. गुरुजींच्या गळ्याला, खांबाला, बैलाच्या मानेलाही तो हात लावून पाहायचा आणि मग माझ्याकडं पाहून मान हलवायचा, 'आहे' किंवा 'नाही'.

मग कापसातली सरकी काढायचा जिन चालवणाऱ्या शेठजींचं आमच्याकडं लक्ष गेलं. कापसाच्या बाजारात तेव्हा प्रत्येक गाडीमागं थोडा धर्मादाय कापून घ्यायची रीत होती. त्यातून कुठं पाणपोई व्हायची, कुठं देवळाचा ओटा. शेठजी म्हणाले, ह्या वर्षीचा धर्मादाय मुक्या पोरांना. भिंतीएवढा आरसा आला, रंगीत चित्रांचे तक्ते आले, आणि शेवटी मुंबईहून खोक्यात भुशात घालून ती पेटी आली. लाकडी, गुळगुळीत, झाकणातच बोलायची जाळी बसवलेली. बाजूनं वायरी निघालेल्या आणि त्यांच्या टोकाला कानावर घालायच्या काळ्या वाट्या. आत बॅटऱ्या. बॅटऱ्याही मुंबईच्याच, आणि संपल्या की पुन्हा कधी येतील ते देव जाणे. म्हणून गुरुजी पेटी मोजकीच चालू करायचे.

मी वाट्या कानावर घातल्या त्या दिवशी गुरुजी जाळीत म्हणाले, "नारायण." मी दचकून मागं पाहिलं. मागं भिंत होती. इतकं जवळून, न ओरडता, कुणी माझं नाव घेतल्याला वर्षं झाली होती. करीमच्या कानांत काही गेलं नाही. त्यानं पेटीवर हात ठेवला आणि मान हलवली, आहे.

त्याच दिवशी मी मनाशी धरलं. मायला ह्या पेटीशी बसवायचं. इथं ओरडायची गरजच नाही. ती हळूच बोलेल, जशी बोलते तशी, आणि पेटी ते माझ्यापर्यंत आणील. मी ते गुरुजींना सांगितलं. माझं बोलणं तेव्हा ओबडधोबड होतं, अजूनही आहे, पण त्यांना कळलं. ते म्हणाले, पाहू.

सहल शेठजींच्याच डोक्यातून निघाली. त्यांच्या जिनाची लॉरी धनजकडं कापूस भरायला रिकामी जायची. मी वाट्या कानावर घालून बसलेलो असताना ते वर्गात आले, आरशात स्वतःची पगडी नीट केली आणि गुरुजींना म्हणाले, "पेटी खोलीत कायले कोंडून ठेवली, गुरुजी? फिरवा ना. ज्याच्या गाडीचा धर्मादाय कापला, त्याले पाहू तं द्या त्याचं काय झालं. नाईतं लोक म्हनतीन शेठनंच खाल्ला." गुरुजींनाही पोरांना वावर दाखवायचंच होतं. तक्त्यावरचं कापसाचं बोंड पाहून आमच्यातल्या दोघांनी त्याला अंडं ठरवलं होतं. लॉरी धनजच्या वाटेवर आमच्या गावावरूनच जाते. गुरुजी माझ्याकडं वळून, ओठ नीट मोठे करून म्हणाले, "नारायण, तुमच्या वावरात उतरू."

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण लॉरीत बसेपर्यंत मी मनात हेच घोकत होतो. घरी काय म्हणतील, पोरांना चहा पुरेल का, माय बोलेल का, पेटी वाटेत आपटेल का. मी ती पेटी मांडीवर घेऊन बसलो. मंगरूळपीरला दर्ग्याशी लॉरी थांबली. करीमच्या अब्बांनी खजूर आणून सगळ्यांच्या हातावर ठेवले आणि पेटीवरही एक ठेवला. कारंजा मागं पडलं. मग ओळखीची बाभळ, ओळखीचा नाला, आणि दोन्ही बाजूंनी पांढरी झालेली वावरं. पोरं लॉरीत उभी राहून दोन्ही हात हवेत नाचवत होती. ती आमची आरडाओरड.

वावरात सगळे वाट पाहत होते. बाबा तेवढे गाडी घेऊन बाजाराला गेले होते. आबाजी धुऱ्यावर काठी टेकून उभे. मोठेबाबांनी धोतर नवं नेसलं होतं. मी प्रथम शेवटच्या ओळीकडं पाहिलं. माय होती. तिनं एकदाच मान वर केली आणि पदर पुढं ओढला, पण हात वेचायचा थांबला. तिचा हात थांबणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

पहिला तासभर फार चांगला गेला. पोरांनी बोंडं फोडून पाहिली, सरकी दातांखाली चावली, ओट्या बांधून वेचायला लागली. काडीकचऱ्यासकट वेचलेला त्यांचा कापूस पाहून सुभद्रामावशी पोट धरून हसली. ती मायची वेचणीतली जोडीदारीण, म्हातारी, तोंडात एकही दात नसलेली. गुरुजी एकेका पोराला हाताशी धरून बोंड दाखवायचे आणि शब्द म्हणायचे. मग त्यांनी एक टोपली पालथी घातली, तिच्यावर पेटी ठेवली, वाट्या माझ्या कानावर चढवल्या आणि शेवटच्या ओळीकडं पाहून म्हणाले, "नारायणच्या आई, या. तुम्ही बोला आता."

हे मी वाट्यांतून ऐकलं. पुढचंही बरंचसं तसंच ऐकलं आहे.

मोठेबाबा पुढं झाले. "तिचं काय गुरुजी, ते तं घरचीच हाये. तिचं मंग पाहू. अगोदर पाहुन्याईले बोलू द्या." त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. मलाही त्या क्षणी वाटलं नाही. आमच्याकडं पंगत अशीच बसते. आधी परके, मग गावचे, मग घरचे बाप्ये, आणि बायका शेवटी, भांड्यात असेल त्यावर.

तोवर गाव जमलं होतं. लॉरीबरोबर पेटीची खबर पसरली असणार. रामजीकाका सगळ्यांत पुढं. तो जाळीला नाक लावून म्हणाला, "नाऱ्या, वळख बरं मी कोन?"

"रामजीकाका," मी म्हणालो.

"अबे! पोट्टं ऐकून राह्यलं!" तो उडालाच. "हळू बोललो ना मी? सांगा, हळू बोललो का नाई?"

मग जो तो पुढं सरसावला. गुरुजींनी दोन्ही हात आडवे केले. "अहो, थोडं दमानं. बॅटरी संपेल. नवी लवकर मिळत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "गुरुजी, आमच्या गाडीचा धर्मादाय कापला का नाई? मंग आमचाबी आवाज जाऊ द्या त्याच्या कानात!"

"बराबर हाये. आमाले बॅटरीतला मसाला नोको, बोलाचा हक्क द्या फक्त."

"अन् मसाला गेला तं जाऊ द्या. आमच्याच कापसाचा हाये."

गुरुजींनी हात खाली घेतले. ते खोटं नव्हतं. एकेक जण येऊन टोपलीशी बसला आणि माझ्या कानात गाव शिरू लागलं. कुणी आपलं पुरं नाव आणि वावराची चतुःसीमा सांगितली, जशी कोर्टात सांगतात. कुणी नुसताच खोकला आणि विचारलं, "आला काय खोकला?" एकानं भजनाची ओळ धरली ती सोडीना, त्याला बखोटीला धरून उठवावं लागलं. एक म्हणाला, "नारायना, तुया शेठले सांग, काटा बराबर ठेव म्हना." त्यावर शेठचा ड्रायव्हरही हसला. मग रामजीकाका आपला बैलच घेऊन आला. त्याचं तोंड जाळीशी दाबून धरत म्हणाला, "गाडी ढवळ्यानं वढली का शेठनं? ह्याचाबी हक्क हाये!" बैलानं फुरर केलं आणि माझ्या कानांत वादळ झालं. मी डोकं धरलं. सगळं वावर हसलं. मीही हसलो. खरं सांगतो, आयुष्यात इतकी माणसं माझ्याशी कधी बोलली नव्हती, आणि कुणी मला इतकं आपलं म्हटलंही नव्हतं. ती सगळी माझ्यासाठीच आली होती.

मोठेबाबा बोलले. आबाजी बोलले. आबाजींनी काठी बाजूला ठेवली, जाळीपुढं हात जोडले आणि म्हणाले, "नारायना, शाना हो रे बाप्पा." त्यांचा ओरडतानाचा आवाज मला ठाऊक होता. हा दुसराच होता, बारीक, थोडा कापरा. हे म्हातारे झाले आहेत, हे मला तेव्हा कळलं.

पण मी मध्येमध्ये शेवटच्या ओळीकडं पाहत होतो. ती वेचत नव्हती. एकाच झाडापाशी उभी होती, आणि त्या झाडावर वेचायला काही उरलं नव्हतं. मी हातानं बोलावलं. तिनं मान हलवली आणि नजरेनं आबाजींकडं दाखवलं. मी पुन्हा बोलावलं. इकडं कानांत बोलणारा माणूस लांब लांब जात होता. आधी मला वाटलं, हा हळू बोलतो आहे. पुढचाही हळू बोलला. त्याच्या पुढच्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा आला. मी वाट्या दाबून धरल्या. "गुरुजी," मी म्हणालो, आणि ते माझं मलाही ऐकू आलं नाही.

गुरुजींनी पेटी उघडली, आत हात घातला, पुन्हा मिटली. त्यांचं तोंड पाहून मी वाट्या काढल्या नाहीत. काढल्या असत्या तर ते खरं झालं असतं. ड्रायव्हरनं लॉरीकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं. गुरुजींनी जोरानं मान हलवली. लॉरीची बॅटरी लावू का म्हणत होता, पण त्यानं पेटी जळून गेली असती. मग माणसं एकमेकांकडं पाहू लागली. रामजीकाकानं बैल मागं वळवला. कुणी काही बोललं असेल तर मला माहीत नाही. मोठेबाबा ड्रायव्हरला कापसाचा ढीग दाखवायला घेऊन गेले, आबाजी त्यांच्यामागून गेले, आणि बघता बघता टोपलीभोवती मी, करीम आणि गुरुजी एवढेच उरलो.

तेव्हा माय आली.

तिनं गुरुजींना काय विचारलं, ते त्यांनी मला नंतर पाटीवर लिहून दाखवलं. ती म्हणाली होती, "संपली ना पक्की? आता कोनाले जात नाई ना काई?" गुरुजी म्हणाले, "नाही हो, बाई. आता काही ऐकू जाणार नाही." त्यांना वाटलं, ती रडेल. ती टोपलीशी बसली. ओटी सोडून बाजूला ठेवली. पेटीवर वाकली, इतकी की तिच्या डोक्यावरचा पदर जाळीवर उतरला आणि तिचं तोंड आणि ती जाळी, दोन्ही पदराच्या आत गेली. आणि ती बोलू लागली.

ओठ दिसत नव्हते. दिसत होता तो हलणारा पदर आणि पेटीच्या कडेला धरलेले, टोकं फाटलेले दोन्ही हात. ती थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. बोलणारे एवढे जण येऊन गेले, पण इतका वेळ कुणी बोललं नव्हतं. गुरुजी उठून तुरीच्या ओळींपलीकडं जाऊन उभे राहिले. जवळच्या बाया वेचायच्या थांबल्या. सुभद्रामावशी मध्येच हसली, मग तिनं तोंड फिरवलं आणि बराच वेळ तशीच राहिली. मी वाट्या कानांवर घालून समोर बसून होतो. मला दुसरं काही करता येत नव्हतं. करीमनं पेटीच्या बाजूला तळहात लावला. त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, आहे. मीही हात लावला. माझ्या हाताला काही कळलं नाही. ज्याला जन्मात आवाज ठाऊक नाही, त्याच्या हाताला माझ्या मायचं बोलणं पोचत होतं. त्या दिवशी मी करीमचा जेवढा हेवा केला, तेवढा नंतर कुणाचा केलेला नाही.

मग ती उठली, पदर नीट केला, माझ्या कपाळावर पालथा हात ठेवला आणि ओटी बांधून आपल्या ओळीवर गेली. मोठेबाबा परत येत होते.

ती काय बोलली ते मी सुभद्रामावशीला विचारलं. ती दात नसलेल्या तोंडानं जे म्हणाली त्यातलं एवढंच मला ओठांवरून उचलता आलं, "तुया मायलेच इचार." मायला विचारलं. तिनं पाठीवर थोपटलं. जेव.

बंद पडलेल्या पेटीशीच तिनं का बोलावं, हे मी अनेक वर्षं निरनिराळ्या तऱ्हेनं लावून पाहिलं आहे. कधी वाटतं, मला ऐकू जावं अशी तिची इच्छाच नव्हती. तर कधी वाटतं, न जाण्याची खात्री झाली म्हणूनच ती खरं बोलली, आणि ते खरं माझ्याविषयीचं असेलच असं नाही. तिला तिचं स्वतःचं बोलायचं असेल, जे आजवर कुठल्याच कानात घालता आलं नव्हतं. मी तिथं केवळ समोर बसलेलो होतो. हा विचार मला बरा वाटत नाही, पण तो जातही नाही. आणि कधी, छापखान्यात अक्षरं जुळवताना, हात आपोआप चालतात तेव्हा, वाटतं की त्या बायांनी ऐकलं आहे ना, मग ते जगात आहे. फक्त माझ्याकडं नाही.

नव्या बॅटऱ्या त्या हिवाळ्यात आल्या नाहीत. होळीच्या आत मला गुरुजींनी इथल्या छापखान्यात चिकटवून दिलं. त्यांच्या ओळखीचे मालक होते, बहिऱ्या पोराला घ्यायला तयार होते. असं पुन्हा मिळालं नसतं. पुढं शिकायचं राहिलं ते राहिलंच. गुरुजींमुळे मी आज माणसांत आहे, शेठजींच्या पेटीमुळे माझं नाव मी हळू आवाजात ऐकलं. गावच्या कापसानं मला आवाज दिला, आणि गावानंच तो हसत हसत संपवला. दोन्ही वेळा माझ्यावरच्या मायेनं. ह्यात रागवायचं कुणावर?

मालकांनी मला आठ दिवसांची रजा दिली आहे. उद्या निघायचं. डबीची नवी बॅटरी आणली आहे, एक जादाही घेतली आहे, आणि तरी मी पुन्हापुन्हा पिशवी उघडून पाहतो. ह्या खेपेला टोपली नको, गाव नको, पाळी नको. यंत्र माझ्या खिशात आहे. फक्त तिनं तोंडातला पदर काढून माझ्याशी बोलायला हवं, आणि तेही आबाजी ओसरीवर असताना, कारण ते आता ओसरीवरून उठत नाहीत. जे आबाजी तापात मला खांद्यावर टाकून कारंज्यापर्यंत पायी गेले, त्यांना मी कुठल्या तोंडानं म्हणू, की तुमी अंमळ बाहेर जा? आणि तसं म्हटलं नाही, तर ह्या कानात उरलेलं कुणासाठी राखून ठेवू?

घरात मोठ्यानं बोल, असं तिला आजवर कुणी सांगितलेलं नाही. ते मलाच सांगावं लागणार. त्याची भीती अशी की माझा स्वतःचा आवाज किती चढला आहे, हे मला अजून कळत नाही. मी हळूच म्हणतो आहे असं समजून ओरडेन. ओसरीपर्यंत जाईल. आणि मग माय, काय बोलावं ते सुचायच्या आधीच, घाईघाईनं माझ्या तोंडावर हात ठेवील.

त्या वेळी तिच्या तोंडून जो शब्द निसटेल, तो ऐकायला मी चाललो आहे.